वाचकांचे प्रश्न : इंजिनाचं ट्यूनिंग घरी की जाणकाराकडे?

प्रश्न : माझा ट्रक सहा सिलिंडरचा, कॉमन रेल डिझेल. साडेचार लाख किलोमीटर झालेत. भरलेली गाडी चढाला लागली की दम टाकते, एक गिअर खाली घ्यावाच लागतो. पूर्वी तसं नव्हतं. डिझेलही जास्त खाते. एक जण म्हणतो, सेन्सरच्या सॉकेटला लावायचा बॉक्स आण, दहा मिनिटांचं काम. दुसरा म्हणतो, केबल आणि लॅपटॉप घे, तयार फाइल मिळते, स्वतःच टाक. तिसरा म्हणतो, सरळ ट्यूनरकडे जा. गाडीची बाकी कामं मीच करतो, हाताला सवय आहे. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात : ‘पूर्वी तसं नव्हतं.’ म्हणजे ताकद या इंजिनात होती आणि ती कुठेतरी जाते आहे. ती कुठे जाते हे शोधण्याआधी मॅपला (किती डिझेल द्यायचं हे ठरवणाऱ्या, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या फाइलला) हात लावू नका, स्वतःही नको आणि दुसऱ्याकडूनही नको. आणि हे शोधण्याचं काम मात्र तुमचंच आहे. तुमच्या हाताला सवय आहे म्हणता, तर ती इथे वापरा.

सुरुवात टर्बोपासून (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) इंटरकूलरकडे (ती हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरना हवा वाटणारी नळी) जाणाऱ्या रबरी होजपासून करा. इंजिन बंद असताना होज अगदी धडधाकट दिसतो. चीर बहुतेक वेळा क्लॅम्पच्या कडेला किंवा खालच्या बाजूला, जिथे नजर जात नाही तिथे पडते. ती एरवी मिटलेली असते आणि लोडवर आत हवा दाबली गेली की उघडते. म्हणूनच रिकामी गाडी नीट पळते आणि भरलेली दबते. होजच्या खालून बोट फिरवा. बोटाला तेलकट काळी रेघ लागली, तर हवा तिथूनच निसटते आहे. खात्री करायची तर टर्बोच्या इनलेटला घट्ट टोपण बसवा, कॉम्प्रेसरने साधारण एक बारपर्यंत हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. टोपणासमोर उभं राहू नका, ते सुटलं तर गोळीसारखं येतं. इंटरकूलरच्या जाळीवरही पाणी मारायला विसरू नका. तिथला बारीक बुडबुडा फार जणांच्या नजरेतून सुटतो.

एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर तर बघालच. त्यानंतर नोझलचं (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचं) रिटर्न, म्हणजे तिच्यातून टाकीकडे परत जाणारं डिझेल, मोजा. प्रत्येक नोझलच्या रिटर्न नळीला एक बाटली लावून इंजिन काही मिनिटं चालवलं, की कुठल्या बाटलीत डिझेल जास्त साठलं ते डोळ्यांना दिसतं. ती नोझल झिजली आहे. हे काम फक्त कमी दाबाच्या रिटर्न बाजूला करायचं. रेलच्या (सगळ्या नोझलना जास्त दाबाचं डिझेल देणाऱ्या नळीच्या) बाजूची नळी इंजिन चालू असताना कधीही सैल करू नका. तिथे दाब 1,600 बार आणि त्याहूनही वर जातो. तेवढ्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत शिरते, आणि ते शेवटी शस्त्रक्रियेवर जातं.

‘मॅप करून द्या’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कित्येक गाड्या होज नाहीतर नोझल बदलूनच परत गेल्या आहेत. तुमचीही त्यातलीच निघेल असं मला वाटतं.

आता बॉक्सबद्दल. असले बरेचसे बॉक्स रेलच्या प्रेशर सेन्सरचा सिग्नल बदलून इसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) खोटा आकडा देतात. इसीयूला वाटतं दाब कमी आहे, म्हणून तो वाढवतो. डिझेल जास्त जातं, गाडी ओढते. पण खरा दाब किती, हे आता गाडीत कुणालाच ठाऊक नसतं. इंजिन वाचवण्यासाठी ठरवलेली मर्यादाही त्याच खोट्या आकड्यावर चालते. मी हा बॉक्स कुणालाही लावून देत नाही.

राहिली तयार फाइल. माझी अडचण तुमच्या हुशारीबद्दल नाही, मोजमापाबद्दल आहे. ट्रक लहान गाडीसारखा पाच सेकंद जोर लावून थांबत नाही, तो भरलेला चढाला लागला की पंधरा-वीस मिनिटं पूर्ण लोडवर असतो. डिझेल जास्त आणि हवा तेवढीच, तर एक्झॉस्टचं तापमान चढत जातं. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी नरम पडतो. खालून तेलाचे फवारे त्याला गार ठेवतात म्हणून तो टिकतो. टर्बोच्या आधी तापमापक बसवून, लांब चढावर मी एक्झॉस्ट 700 अंशांच्या पुढे टिकू देत नाही. दुसऱ्या कुणाच्या ट्रकवर, दुसऱ्या नोझलवर लिहिलेली फाइल तुमच्या चढावर किती तापवेल, हे ती फाइल सांगणार नाही. रिकाम्या गाडीची चक्कर मारूनही ते कळणार नाही.

फाइल लिहितानाची जोखीम मी स्वतः भोगली आहे. सुरुवातीच्या दिवसांत चार्जर न लावता एका 24 व्होल्टच्या गाडीचा इसीयू लिहायला घेतला. किल्ली ऑन, बॅटऱ्या जुन्या. निम्म्यावर व्होल्टेज पडलं आणि लॅपटॉपवरची पट्टी जिथल्या तिथे थांबली. त्यानंतर गाडीने सेल्फही घेतला नाही. इसीयू काढून, उघडून टेबलावर पुन्हा लिहावा लागला, आणि मालकाची भरलेली गाडी तोवर उभी राहिली. त्या माणसाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

तेव्हा मॅप बदलायचाच झाला, तर जाणकाराकडे जा. पण जाणकार कोण, हे बोर्डावरून ओळखू नका. जो आधी लॉग घेतो (चालत्या गाडीचे आकडे नोंदवतो), मागितलेला बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट शेजारी-शेजारी दाखवतो, दोष सापडला तर ‘आधी हे नीट करून या’ म्हणून परत पाठवतो, तो खरा. क्लच आणि गिअरबॉक्स किती टॉर्क सोसतात हे त्याने स्वतःहून विचारलं पाहिजे. कमी आरपीएमवर वाढवलेला टॉर्क आधी क्लच खातो. मूळ फाइलची प्रत मागून घ्या. ‘कंपनीची फाइल कशाला हवी?’ म्हणाला, तर किल्ली परत घ्या. ईजीआर किंवा डीपीएफ (धूर स्वच्छ ठेवणाऱ्या यंत्रणा) बंद करून देतो म्हणाला, तरीही. ते बहुतेक देशांत बेकायदा आहे आणि तो धूर कुणाच्या तरी छातीत जातो.

प्रश्न : माझं इंजिन जुन्या मेकॅनिकल पंपाचं, सहा सिलिंडर. टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) मी स्वतः करू का? आणि पंपाचा डिझेलचा स्क्रू थोडा आत घेतला तर?

उत्तर : टॅपेट जरूर करा. पंपाच्या स्क्रूला हात लावू नका. सहाही सिलिंडरना सारखं डिझेल जातं की नाही, हे टेस्ट बेंचवर मोजल्याशिवाय कळत नाही. स्क्रू फिरवून वाढलेला काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल.

टॅपेटसाठी इंजिन पूर्ण गार हवं, आणि गॅप तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातलाच घ्या. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-5-3-6-2-4 असेल, तर 1 आणि 6, 5 आणि 2, 3 आणि 4 अशा जोड्या लागतात. 6 नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले, की 1 नंबरचे सेट करायचे. फिलर गेजची पट्टी हलकी अडकत सरकली पाहिजे. लॉकनट आवळला की स्क्रू किंचित फिरतो आणि गॅप बदलतो, म्हणून आवळल्यावर पट्टी पुन्हा एकदा घालून बघा.