उंदीर आवरताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भात निसवला की उंदीर तुटून पडतात. पिंजरे लावतो, पण तोवर नुकसान झालेले असते. विष घालायचे नाही. काय करावे?

उत्तर : पिंजऱ्यात दोष नाही, वेळ उलटून जाते. भात पोटरीत आला, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात असली, की माद्या विण्याच्या तयारीला लागतात. गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, आणि व्यायल्यावर एक-दोन दिवसांत मादी पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे निसवल्यानंतर पकडलेल्या मादीमागे बिळात पिल्ले असतातच. मोहीम लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यातच उरका. तेव्हा उंदीर थोडे असतात आणि बिळेही बहुधा बांधांवरच सापडतात.

सगळी बिळे खणत बसू नका. संध्याकाळी प्रत्येक तोंड मातीने हलकेच बुजवा आणि सकाळी जी उकरलेली दिसतील तेवढीच धरा. एक अपवाद आहे : काही उंदीर दिवसा आतून तोंड लिंपून घेतात. तोंडाशी ओलसर, भुसभुशीत मातीचा ताजा ढीग दिसला तर बीळ बंद असले तरी राहते समजा. खणण्याआधी पळवाट शोधा. ती बांधाच्या दुसऱ्या अंगाला, पातळ मातीच्या पापुद्र्याखाली असते. काठीने टोचून पाहिले की जमीन दबते. तिथे जाळी धरून मगच कुदळ चालवा. काम झाल्यावर माती धुमसून बसवा, पोकळी राहिली तर नवे बिऱ्हाड यायला वेळ लागत नाही. हातमोजे हवेतच, कारण उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

बांध 30 सेंटिमीटरपेक्षा रुंद आणि उंच ठेवू नका, गवतही काढा. अरुंद बांधात नीट बीळ होत नाही. आणि हे सगळे एकट्याने केले तर शेजारच्या शिवारातले उंदीर मोकळ्या जागेत येऊन बसतात. शेजाऱ्यांची लावणी दोन आठवड्यांच्या अंतरात उरकली तर उंदरांना विण्याचा काळ लांबवता येत नाही.

प्रश्न : गव्हाणी घुबडासाठी पेटी लावली. घुबड फिरकलेच नाही.

उत्तर : पेटी लहान असेल, किंवा आजूबाजूला पुरेसे मोकळे रान नसेल. साधारण 60 सेंटिमीटर लांब, 45 रुंद आणि 45 उंच पेटी चालते. भोक 12 ते 15 सेंटिमीटरचे, तळापासून निदान 25 सेंटिमीटर वर, नाहीतर पिल्ले बाहेर पडतात. पेटी चार मीटर उंचीवर, तोंड मोकळ्या रानाकडे, तळाला पाणी निथळायला छिद्रे. खांबाला गुळगुळीत पत्रा गुंडाळा म्हणजे मांजर चढणार नाही. घुबड काड्या आणत नाही, तेव्हा आत मूठभर रंधा-भुसा टाका. मग धीर धरा.

शेजारी कोणी ब्रोमाडिओलोन हे उंदीर मारायचे विष वापरत असेल तर पेटी लावूच नका. विष खाल्लेला उंदीर काही दिवस जगतो, सुस्त होतो, आणि असा उंदीर घुबडाच्या हाती आधी लागतो.

घुबड आले की नाही हे पेटीखाली कळते. अंगठ्याएवढ्या काळसर गोळ्या पडलेल्या असतात. एक पाण्यात भिजवून काडीने उकला : केसांच्या गुंत्यात उंदरांच्या कवट्या निघतील. पण उंदरांचा सुळसुळाट झालेला असेल तर एकट्या घुबडाच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : गोदामात पहिल्या रात्री चार सापडले, मग एकही नाही.

उत्तर : मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. चाप न ओढता तीन-चार रात्री नुसते आमिष ठेवा, ते बिनधास्त खाल्ले जाऊ लागले की चाप ओढा. सापळा भिंतीला काटकोनात, आमिष भिंतीकडे. उघड्या जागेत ठेवलेला सापळा वाया जातो. 6 मिलिमीटरहून मोठी फट असेल तर लहान उंदीर शिरतो, म्हणून आधी फटी बुजवा. चिकट पट्ट्या नकोत, त्यांत पाली आणि पक्षीही अडकतात.

पिंजऱ्यात लांब टोकदार नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री आली तर दूर नेऊन सोडा. तिचे मुख्य खाणे किडे.

प्रश्न : आवाजाने उंदीर पळवणारे यंत्र घ्यावे का?

उत्तर : नको. काही दिवसांत ते आवाजाला सरावतात, शिवाय तो आवाज पोत्यांच्या थप्पीपलीकडे जात नाही.