‘स्वतंत्र विदर्भ’ की ‘वेगळा विदर्भ’?

एका वडिलांनी विचारलं आहे. आठवीतल्या मुलीने निबंधात ‘स्वतंत्र विदर्भ राज्याची मागणी’ असं लिहिलं. बाईंनी ‘स्वतंत्र’ खोडून वर ‘वेगळ्या’ लिहिलं आणि सांगितलं की स्वतंत्र म्हणजे देशातून फुटून निघालेलं. पुढच्या ओळीत ‘महाराष्ट्राचे विभाजन’ होतं, ते तसंच राहिलं. वडिलांचे प्रश्न दोन: ‘स्वतंत्र’ खरंच चुकलं का? आणि ‘विभाजन’ चालतं तर ‘फाळणी’ का चालत नाही?

मुलीचं काही चुकलेलं नाही, हे आधी सांगतो. मराठीत ‘स्वतंत्र’ हा शब्द दोन कामं करतो. देश स्वतंत्र होतो, तशी खोलीही स्वतंत्र असते. भाड्याच्या घराच्या जाहिरातीत ‘स्वतंत्र नळ, स्वतंत्र मीटर’ असतं. अर्थ इतकाच की शेजारच्या बिऱ्हाडाशी वाटून घ्यावं लागणार नाही. प्रश्नपत्रिकेवर ‘प्रत्येक विभागाचे उत्तर स्वतंत्र पानावर लिहा’ अशी सूचना मुलीने स्वतः कितीदा वाचली असेल. अर्थसंकल्पात एखाद्या कामासाठी ‘स्वतंत्र तरतूद’ होते. या सगळ्या जागी ‘स्वतंत्र’ म्हणजे ज्याचा त्याचा, निराळा. ‘स्वतंत्र विदर्भ’ही याच ओळीतला. गेली कित्येक दशकं मोर्च्यांत, अग्रलेखांत आणि विधानसभेच्या भाषणांत तो याच अर्थाने वापरला गेला आहे.

तरी बाईंची शंका मी उडवून लावणार नाही. अडचण ‘स्वतंत्र’ने एकट्याने केलेली नाही, तिला ‘राज्य’ या शब्दाची जोड आहे. तोही दुहेरी अर्थाचा. शिवाजी महाराजांचं राज्य, इंग्रजांचं राज्य म्हणताना त्यात सत्ता आणि सार्वभौमत्व येतं. संविधानातलं राज्य मात्र संघाचा एक घटक असतं. दुहेरी अर्थाचे दोन शब्द शेजारी आले की नवखा वाचक अडखळतो. त्यासाठी मराठीकडे एक नेमका शब्द आहे, ‘घटकराज्य’. गोव्यात तो आजही रोजच्या वापरात आहे. तिथे १९ डिसेंबर हा मुक्तिदिन आणि ३० मे हा घटकराज्य दिन. पहिला १९६१चा, पोर्तुगीज सत्ता गेली त्याचा. दुसरा १९८७चा, गोवा केंद्रशासित न राहता पूर्ण राज्य झालं त्याचा. स्वतंत्र होणं आणि घटकराज्य होणं यांतला फरक गोव्यातल्या शाळकरी मुलाला कॅलेंडरवरच कळतो. महाराष्ट्रात मात्र हा शब्द मागे पडत चाललाय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘वेगळा’ची गोष्ट निराळी. तो घरातून आलेला शब्द आहे. भाऊ वेगळे निघतात, चूल वेगळी होते. खेड्यापाड्यांत अजूनही ‘वायलं निघणं’ म्हणतात, ‘सवता राहणं’ म्हणतात. त्यामुळे ‘वेगळा विदर्भ’ म्हटलं की एकत्र कुटुंबाचं चित्र आपोआप उभं राहतं, आणि त्या चित्रात वेगळं निघणाऱ्याकडे थोडं रागाने बघायची आपल्याला सवय आहे. ‘स्वतंत्र’ला ही घरगुती सल नाही. म्हणून मागणी करणाऱ्याच्या तोंडी ‘स्वतंत्र’ आणि ऐकणाऱ्याच्या तोंडी ‘वेगळा’ जास्त येतो, असं मला वर्षानुवर्षं जाणवत आलंय. दोघंही शुद्ध मराठीच बोलत असतात.

आता ‘फाळणी’. मध्यंतरी शेताच्या मोजणीच्या कामासाठी जुने कागद काढावे लागले. त्यात एक फाळणीबारा होता. पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला कागद. सर्व्हे नंबरची आकृती, तिच्या आत आडव्या दोन रेघा, तीन हिस्से, आणि प्रत्येक बाजूचं माप साखळी-आण्यांत लिहिलेलं. तेहतीस फुटांची साखळी, सोळा आण्यांची. कुणाला किती आलं, बांध कुठून गेला, सगळं त्या कागदावर. महसुलाच्या भाषेत फाळणी म्हणजे एवढंच, मोजून पाडलेले हिस्से. शब्दात राग नाही, रक्त नाही. शालेय इतिहासातही १९०५ साली ‘बंगालची फाळणी’ झाली असं आपण शिकतो, आणि ती एका प्रांताचीच होती. कर्झनने प्रांत फार मोठा झाल्याचं, कारभाराच्या सोयीचं कारण दिलं होतं. बंगाली माणसाने मात्र त्याला ‘वंगभंग’ म्हटलं, आपणही तो शब्द तसाच उचलला. सरकारच्या लेखी सोय आणि लोकांच्या लेखी भंग! १९११मध्ये ती रद्द झाल्याची घोषणा करावी लागली.

१९४७ने ‘फाळणी’ हा शब्द कायमचा बदलला. आता तो उच्चारला की रेल्वेगाड्या आणि निर्वासितांचे तांडे डोळ्यांपुढे येतात. मोजणी कार्यालयाबाहेर त्याचा साधा अर्थ उरलेला नाही. मुलीने निबंधात तो टाळावा. चुकीचा म्हणून नव्हे, या प्रसंगाला फार जड म्हणून.

‘विभाजन’ मात्र चालतं असं म्हणून मी पुढे जाणार नाही, कारण माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. १ मे १९६० रोजी काय झालं? मुंबई नावाच्या एका मोठ्या द्वैभाषिक राज्याचे दोन भाग झाले. कायद्याचं नाव मुंबई पुनर्रचना अधिनियम. पण आपण त्या दिवसाला ‘मुंबई राज्याचं विभाजन’ म्हणतो का? आपण म्हणतो ‘महाराष्ट्र राज्याची स्थापना’, आणि ते योग्यच आहे. एकशे पाचांहून अधिक हुतात्म्यांच्या त्या लढ्याला दुसरा शब्द शोभला नसता. घटना एकच असते. अंगणात उभं राहून नव्या घराकडे बघणारा ‘स्थापना’ म्हणतो, जुन्या घराच्या ओट्यावर उभा असलेला ‘विभाजन’.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण तेलुगूत आहे. २ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातून तेलंगण वेगळं झालं. तेलंगणात तो दिवस ‘अवतरण दिनोत्सव’ म्हणून साजरा होतो. अवतरण म्हणजे अवतार घेणं! सीमेपलीकडे आंध्रात बोलण्यात-लिहिण्यात शब्द असतो ‘विभजन’, आणि पुढे काही वर्षं त्याच तारखेला तिथल्या सरकारने ‘नवनिर्माण दीक्षा’ पाळली. तारीख तीच, शब्द तीन.

तेलुगूवरून आणखी एक आठवलं. नांदेडहून निजामाबादकडे जाताना एकदा शेजारच्या प्रवाशाने मला भिंतीवरची घोषणा वाचून दाखवली, ‘प्रत्येक तेलंगाणा’. मी गोंधळलो. प्रत्येक? किती तेलंगाणा आहेत? तो हसला आणि हाताच्या दोन्ही पंजांनी हवेत दोन वाटे करून दाखवले. तेलुगूत ‘प्रत्येक’ म्हणजे वेगळं, खास. आपल्या ‘प्रत्येक’साठी त्यांच्याकडे ‘प्रति’ आहे. कन्नडातही ‘प्रत्येक राज्य’ म्हणजे वेगळं राज्य. संस्कृतातल्या प्रति आणि एकमधून ‘एकेक करून’ हा अर्थ निघाला. आपण त्यातला ‘दरेक’ ठेवला, त्यांनी ‘एकेकटा, सुटा’ ठेवला. हिंदीवाले याच जागी ‘अलग’ किंवा ‘पृथक’ म्हणतात.

कायदा मात्र हे सगळे शब्द टाळतो. उत्तर प्रदेश, बिहार आणि मध्य प्रदेशातून २०००च्या नोव्हेंबरात उत्तरांचल, झारखंड आणि छत्तीसगड निघाली. तिन्ही कायद्यांच्या नावात ‘पुनर्रचना’च आहे, २०१४च्या आंध्रच्या कायद्यातही तेच. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने नवं राज्य बनवण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. म्हणजे विदर्भाची मागणी ही देशाबाहेर जाण्याची नाही, संसदेकडे केलेली आहे. बाईंना हे जरूर सांगावं. १९५५मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारसच केली होती. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी भाषिक राज्यांवरच्या पुस्तकात उत्तर प्रदेशाचे तीन, बिहार आणि मध्य प्रदेशाचे दोन-दोन, आणि मुंबई शहर धरून महाराष्ट्राचे चार भाग सुचवले. त्यांचा मुद्दा शब्दांच्या क्रमावर उभा आहे. ‘एक राज्य, एक भाषा’ हे त्यांना मान्य. ‘एक भाषा, एक राज्य’ मुळीच आवश्यक नाही. शब्द तेच, जागा बदलली की अर्थ उलटा. शब्दांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने ही दोन वाक्यं पाठ करावीत असं मला वाटतं.

२०११मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने पूर्वांचल, बुंदेलखंड, अवध प्रदेश आणि पश्चिम प्रदेश अशा चार राज्यांचा ठराव केला, तो पुढे गेला नाही. त्या नावांत ‘अंचल’ आणि ‘खंड’ दोन्ही आहेत. उत्तरांचलचं २००७मध्ये उत्तराखंड झालं. अंचल म्हणजे पदराचा काठ, कशाच्या तरी कडेला असलेलं. खंड म्हणजे आपल्यापुरता पुरा भूभाग. हिमालयातल्या लोकांना कोणता शब्द आपला वाटला, ते नाव बदलण्यातून दिसलं.

आता मुलीच्या वहीपुरतं. ‘स्वतंत्र विदर्भ राज्याची मागणी’ हे ठेवावं. बाईंना पटत नसेल तर ‘विदर्भाच्या वेगळ्या घटकराज्याची मागणी’ करावं, ते कुठेही अडणार नाही. ‘महाराष्ट्राचे विभाजन’ या ओळीत मात्र तिने स्वतःला एक विचारावं: हे वाक्य मी नागपूरहून लिहितेय की पुण्याहून? दोन्हीकडचं सांगायचं असेल तर ‘पुनर्रचना’ लिहावं. आणि वडिलांनी तिला घरातला जुना फाळणीबारा असेल तर तो काढून दाखवावा.