जवसाचं तेल की माशाचं?

प्रश्न : आमची लॅब्रेडॉर पंजे चाटून लाल करते. डॉक्टर ॲलर्जी म्हणाले. सासूबाई रोज तिच्या भाकरीवर जवसाचं तेल घालतात, खाज तशीच. – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : विदर्भात जवस म्हणजे सर्व दुखण्यांवर इलाज! पण जवसातल्या अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून दाह शमवणारं ईपीए (एक ओमेगा-३ मेदाम्ल) बनवायला डेल्टा-६ डिसॅच्युरेज हे एन्झाइम लागतं, आणि कुत्र्यांत हे रूपांतर फारच तोकडं होतं. माशाच्या तेलात ईपीए तयारच असतं. तेच द्या. कॉड लिव्हर ऑइल, म्हणजे कॉड माशाच्या यकृताचं तेल, मात्र नको, त्यातून अ आणि ड जीवनसत्त्वं जास्त होतील. मात्रा वजनावर, डॉक्टरांना विचारा. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे जातात, तोवर चालू औषधं सोडू नका. नुसत्या तेलावर खाज क्वचितच थांबते. आणि हो, गोचीड-पिसवांचं औषध पावसाळ्यात चुकवू नका.