16 टीबीची डिस्क 2,400 रुपयांत, अन् लग्नाचे व्हिडिओ गायब : आता दावा कुणावर लावायचा?

प्रश्न सेलूच्या एका फोटोग्राफर दादांचा आहे. दिवाळीच्या सेलमध्ये त्यांनी एका ऑनलाइन शॉपिंग ॲपवरून 16 टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क 2,400 रुपयांना मागवली. तुळशीच्या लग्नानंतरची सगळी लग्नं त्यात बॅकअप म्हणून टाकली आणि लॅपटॉप रिकामा केला. आता फोल्डर दिसतात, फाइलची नावं दिसतात, साइजसुद्धा बरोबर दिसते, पण जुनी एकही फाइल उघडत नाही. विकणारा म्हणतो 7 दिवसांची रिटर्न मुदत संपली, ॲपवाले म्हणतात आम्ही फक्त मध्यस्थ. वर मानवतची एक पार्टी रोज फोन करायलीय की व्हिडिओ द्या नाहीतर केस करतो. आणि कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची ग्राहक कोर्टात केस होतच नाही.

दादा, कायद्याचं नंतर बोलू, आधी त्या डिस्कला हात लावणं बंद करा. तुम्ही लिहिलंय की भाचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलाय, त्याला म्हणावं थांब बाबा. असल्या डिस्कमध्ये बहुतेक वेळा डिस्क नसतेच, एक साधं मेमरी कार्ड असतं आणि त्याच्या चिपमध्ये खोटं लिहून ठेवलेलं असतं की मी 16 टीबीची आहे. मागं एका अशिलाची असलीच डिस्क समोरच्या वकिलादेखत उघडली होती, आत बोटाच्या नखाएवढं कार्ड गोंदानं चिकटवलेलं आणि वजन भरावं म्हणून दोन लोखंडी नट ठेवलेले. खरी जागा समजा 64 जीबी असली तर तेवढी भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, पुढं नवीन फाइल जुनीच्या उरावर बसते नाहीतर हवेत जाते, यादीत नाव मात्र राहतं. म्हणून तुम्हाला नावं दिसतात पण व्हिडिओ चालत नाही. तेव्हा जे उघडतंय ते आजच दुसऱ्या चांगल्या डिस्कवर कॉपी करून घ्या आणि या डिस्कवर नवीन काहीच टाकू नका. नेटवर खरी कपॅसिटी तपासायची फुकट सॉफ्टवेअर मिळतात, तीही आत्ता चालवू नका, कारण ती डिस्क भरून भरून तपासतात, म्हणजे उरलंसुरलं तेही जाईल. कॅमेऱ्याची कार्डं अजून दुसऱ्या शूटिंगला वापरली नसतील तर ती बाजूला काढा, फॉरमॅट केलेल्या कार्डातून फोटोरेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरनं बरंच परत येऊ शकतं, पण वरून नवीन शूट झालं असेल तर आशा कमी.

कॉपी झाली की डिस्क, केबल, खोका, कुरिअरची पिशवी सगळं एका पाकिटात घालून दोन ओळखीच्या माणसांसमोर चिकटवा, त्यांच्या सह्या घ्या. ग्राहक आयोगाला, म्हणजे ज्याला तुम्ही ग्राहक कोर्ट म्हणता त्याला, वाटलं तर वस्तू लॅबमध्ये तपासायला पाठवता येते, तशी तरतूद आहे, आणि तिथं भाच्यानं उघडलेली डिस्क गेली की समोरचा म्हणणार हे कार्ड यांनीच घातलं.

आता धंद्याचा मुद्दा, कारण समोरचा वकील पहिला वार इथंच करणार. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू ग्राहकाच्या व्याख्येतून बाहेर ठेवलीय हे खरं, पण त्याच कलमाखाली लिहिलंय की स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरायला घेतलेली वस्तू व्यापारी कारणात मोजायची नाही. सुप्रीम कोर्टानं 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हे नीट उलगडून सांगितलं, स्वतः चालवायला ऑटोरिक्षा घेणारा ग्राहकच असतो. तुमचा कॅमेरा तुम्हीच धरता, एडिटिंग तुम्हीच करता, सोबत फार तर एक पोरगं असतं, तर तुम्ही ग्राहक आहात. फक्त तक्रारीत "मी हा व्यवसाय स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून करतो" हे वाक्य स्पष्ट लिहा. कित्येक चांगल्या तक्रारी एवढं वाक्य नसल्यानं अडकतात.

7 दिवसांच्या मुदतीला घाबरू नका. ती त्यांची पॉलिसी आहे, कायदा नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष किंवा बनावट निघाला किंवा जाहिरातीत सांगितला तसा नसला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. आणि ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून 2 वर्षं मिळतात. ॲपवाल्यांचं "आम्ही मध्यस्थ"सुद्धा अर्धंच खरं. त्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्यानं 48 तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. तुम्ही लेखी मागितलं तर विक्रेत्याचा पूर्ण पत्ता, ईमेल त्यांनी द्यायला पाहिजे. तेव्हा कस्टमर केअरच्या चॅटवर "सॉरी फॉर द इन्कन्व्हिनियन्स" वाचत बसण्यापेक्षा तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, तक्रार मांडा आणि विक्रेत्याचा पत्ताही त्याच ईमेलमध्ये मागा. सोबत 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करा, बऱ्याचदा तिथूनच पैसे परत येतात.

नाही आले तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुंबई-दिल्लीला जायचं काम नाही, तक्रारदार राहतो तिथं दावा लावता येतो. कुठल्या आयोगात जायचं हे तुम्ही वस्तूला दिलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला फी शून्य. ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार घरबसल्या दाखल होते, वकील लागतोच असंही नाही (आमच्या पोटावर पाय येतो, पण खरं तेच सांगायचं). विक्रेता आणि ॲप, दोघांनाही सामनेवाले करा.

पुराव्यात सगळ्यात आधी त्या वस्तूच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या, "16 टीबी" शब्द, किंमत, विक्रेत्याचं नाव दिसेल असे. उद्या ते पान उडवलं की शोधत बसाल. ऑर्डर, बिल, चॅट, सगळ्याच्या प्रिंट काढा आणि त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र, म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटरवरच्या पुराव्यासोबत द्यायचा दाखला, जोडा, 1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याच्या 65-ब च्या जागी हेच आलंय. आयोग त्यावर कोर्टाइतका ताणत नाही, पण समोरच्याला फट कशाला ठेवायची.

पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 318, होऊ शकतो. पण 2,400 रुपयांसाठी तपास किती हलेल हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणून मी आधी ग्राहक आयोगच म्हणेन.

किती मिळेल? डिस्कची किंमत व्याजासकट, मानसिक त्रासाचे आणि खर्चाचे काही हजार, इथपर्यंत मला अडचण दिसत नाही. गेलेल्या व्हिडिओंची भरपाई हे मात्र अवघड जागेचं दुखणं आहे. आयोग विचारणार दुसरी कॉपी कुठंय, आणि लॅपटॉप रिकामा करून एकाच डिस्कवर ठेवलं तर त्याला बॅकअप म्हणतच नाहीत, तो फक्त सामान हलवणं झालं. त्यामुळं 20 लाख मागून हसं करून घेऊ नका, जेवढं कागदावर दाखवता येईल तेवढंच मागा.

इथं मानवतची पार्टी येते. दादा, त्यांच्यासाठी तुम्हीच विक्रेते आहात. पैसे घेऊन काम केलं, ते जपलं नाही, ही सेवेतली त्रुटी आहे आणि तेही याच आयोगात तुमच्यावर येऊ शकतात. बिलाखाली "डेटा लॉसची जबाबदारी नाही" छापलंय म्हणून तुम्ही सुटाल या भ्रमात राहू नका. फोन टाळणं तर आजच बंद करा. घरी जाऊन खरं काय झालं ते सांगा, जे वाचलंय ते पेनड्राइव्हवर द्या, त्यांच्या पाहुण्यांच्या मोबाइलमधले व्हिडिओ गोळा करून काहीतरी जोडून देतो म्हणा आणि पैसे परत करायची तयारी ठेवा. जमलं तर दोन्हीकडच्या सह्यांचा समजुतीचा कागद करा आणि पैसे बँकेतूनच द्या. हा कागद आणि ही एंट्री पुढं तुमच्या दाव्यात कामाला येते, कारण "या डिस्कमुळं मला एवढी रक्कम परत करावी लागली" हे मोघम नुकसान राहत नाही.

नवीन डिस्क घेणारच आहात म्हणून सांगतो. खिशात मावणाऱ्या खऱ्या हार्ड डिस्क फार तर 5-6 टीबीपर्यंतच मिळतात, त्याच्या वरचा आकडा स्वस्तात दिसला की समजून जा. स्वस्तच पाहिजे तर एका मोठ्या डिस्कऐवजी 1-1 टीबीच्या दोन घ्या, एक दुकानात, एक घरी. 1 टीबी जोडल्यावर विंडोजमध्ये 931 जीबी दिसते, तिथं दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते आणि विंडोज 1024 च्या. बरेच लोक हीच तक्रार घेऊन माझ्याकडं येतात, त्यात केस नाही. पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी दिसते का ते काउंटरवरच बघा, खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आहे का तेही बघा. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतला डेटा नाही.

शेवटी, तक्रार अधिकाऱ्याला केलेल्या ईमेलला महिन्याभरात उत्तर आलं नाही तर विक्रेता आणि ॲप दोघांना स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा, 15 दिवसांची मुदत द्या. नोटीस पाठवलीच पाहिजे असं कायद्यात नाही, पण पाठवलेली बरी, आणि तिची पोच पावती फेकू नका.