बावीसच्या जागी अंदाज

यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या गावात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्या एका तरुणानं विचारलंय: ‘सॉफ्टवेअरच्या कामाला किती मेहनत लागेल हे आधीच ठरवणं, त्या एफर्ट एस्टिमेशनला मराठीत काय म्हणावं? तास धरायचे की स्टोरी पॉइंट (एका कामाच्या तुलनेत दुसरं किती मोठं, याचे गुण), यावर टीममध्ये वाद आहे. मॅनेजर म्हणतात, अंदाजपंचे दाहोदरचे आकडे नकोत.’

‘दाहोदरचे’ नाही हो, ‘दाहोदरसे’! गुजरातेतल्या दाहोदशी याचा काडीचा संबंध नाही. दाहोदरसे म्हणजे दहा-उत्तर-शे, शंभरावर दहा. जुन्या माणसांनी ओसरीत बसून घोकलेलं आठवा: बावीस चोक अठ्ठ्याऐंशी, बावीस पंचे दाहोदरसे. आता त्यातला बावीस काढा आणि तिथं ‘अंदाज’ बसवा. अंदाज पंचे दाहोदरसे! पाच पक्के, एकशे दहा पक्के. ज्याला गुणायचं तेच हवेत. काही जाणकार याला निरर्थक शेपूट म्हणतात. त्यांना बावीसचा पाढा येत नसावा.

म्हणून माझं म्हणणं असं, की प्रत्येक अंदाज हा ‘अंदाजपंचे’ नसतो. ‘पाव्हणे किती येतीन?’ ‘असतीन धा-बारा’ हा साधा अंदाज. त्यावर हिशेबाचा कोट चढवला, की दाहोदरसे. तुमच्या धंद्यातला नमुना घ्या. सॉफ्टवेअरचे अभ्यासक बॅरी बोएम यांचं १९८१चं कोकोमो, म्हणजे मेहनतीचा अंदाज काढायचं सूत्र: कोडच्या ओळी हजारांत धरा, १.०५ चा घात घ्या, २.४ ने गुणा. साध्या प्रकल्पाचे माणूस-महिने (एका माणसाचं एका महिन्याचं काम तो एक) मिळाले. दहा हजार ओळींना सुमारे २७. पण ओळी दहा हजारच होतील हे कोणी सांगितलं? वीस हजार निघाल्या तर ५६! गुणाकारात चूक नाही, बावीसच खोटे. बोएमना हे ठाऊक होतं. अगदी सुरुवातीचा अंदाज चौपट किंवा पावपट चुकू शकतो, असं त्यांनीच दाखवलंय. हे पोचवायला आमच्या पाढ्याला तीन शब्द पुरले.

कोशवाले एस्टिमेटला ‘प्राक्कलन’ म्हणतात. बांधकाम खात्याच्या कागदावर राहू द्या. रस्त्याचं काम घेणारा ठेकेदारही ‘इस्टिमेट’च म्हणतो.

मला आवडणारा शब्द तलाठ्याकडे आहे: नजरअंदाज. हिंदीच्या नादानं आपल्याकडे त्याचा अर्थ ‘दुर्लक्ष’ होत चाललाय, तेही एक दुखणंच. फारसीत ‘अंदाज’ मुळात टाकण्याचा. तीर टाकतो तो तिरंदाज. पिकावर नजर टाकून ठरवलं ते नजरअंदाज. पैसेवारी, म्हणजे नेहमीचं पीक रुपयाभर धरलं तर यंदा किती पैसे आलं तो आकडा (१९५७ मध्ये दशमान नाणी येण्याआधीची आणेवारी), पाहा: पराटी (कपाशी), सोयाबीन उभं असताना सप्टेंबरात नजरअंदाज, मग सुधारित, आणि पीककापणीनंतर डिसेंबरात अंतिम. एकाच शेताचे तीन आकडे, अन् पहिला स्वतःच्या नावातच सांगतो की मी नजरेचा आहे. पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावात भांडण होतं ते वेगळं.

हो, तास की पॉइंट राहिलंच. काम उक्तं घेतलं असेल तर गिऱ्हाइकाला तास नाहीतर दिवसच सांगावे लागतील, तुमचा पॉइंट त्याच्या काय कामाचा? टीमच्या आत पॉइंट चालतात, पण ‘एक पॉइंट म्हणजे सहा तास’ असा तक्ता कोणी भिंतीवर लावला, की त्याला बावीसचा पाढा म्हणायला सांगा.