तुमची कादंबरी ऑडिओबुक होताना मजकूर बदलतो का? छापील पुस्तकानंतर इतके महिने का लागतात? आणि ऐकलेलं पुस्तक ‘वाचलं’ म्हणायचं का? असं वाचक मला विचारतात.

मजकूर बदलतो, पण फार थोडा. साठ हजार शब्दांच्या कादंबरीत मी दोन-तीनशे शब्दांना हात लावते. कथानक तेच राहतं आणि प्रकरणांचा क्रमही तोच. बदल होतात ते डोळ्यांना दिसणाऱ्या पण कानांना न कळणाऱ्या जागी.

अशी पहिली जागा म्हणजे संवाद. छापील पानावर नवी ओळ आणि अवतरणचिन्हं असली की ‘तो म्हणाला’ची गरज उरत नाही. दोनच माणसं बोलत असतील तर ऐकणाऱ्यालाही कळतं. तिसरं माणूस आलं की चौथ्या-पाचव्या वाक्यापासून गोंधळ सुरू होतो, मग तिथे एखादं ‘आक्का म्हणाली’ घालावं लागतं. दुसरी जागा तळटीप. ती एक तर वाक्यात मुरवायची, नाही तर सरळ काढायची. अभिवाचकाने, म्हणजे माइकसमोर पुस्तक वाचणाऱ्याने, मध्येच थांबून ‘तळटीप’ म्हणणं कथेला मारक असतं. एका ओळीची मोकळी जागा सोडून प्रसंग बदलला असेल तर ध्वनिमुद्रणात तिथे अडीच-तीन सेकंदांची शांतता लागते. ती एका सेकंदाची झाली तर प्रसंग बदललाय हे ऐकणाऱ्याला पुढची दोन वाक्यं होईपर्यंत कळत नाही. आणि ‘दिन’ व ‘दीन’ किंवा ‘सुत’ व ‘सूत’ अशा जोड्यांवर एखादं वाक्य तोललेलं असेल, तर शेजारी आधाराला एक शब्द द्यावा लागतो. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक कानाला पुरत नाही.

खरं काम मात्र वेगळंच असतं आणि ते माइकसमोर बसण्याआधी होतं. आपली लिपी उच्चारानुसारी आहे असं आपण मानतो, पण च, ज, झ यांच्याबाबत ती काहीच सांगत नाही. ‘जाता जात नाही ती जात’ हे वाक्य घ्या. पहिल्या दोन शब्दांतला ज दंत्य, म्हणजे जीभ दातांजवळ नेऊन म्हटलेला; शेवटचा तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून म्हटलेला. छापील अक्षर तिन्ही ठिकाणी एकच. ‘जरा थांब’मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा यांचंही तसंच. मराठी घरात वाढलेला माणूस हे न शिकता बोलतो. तरीही अनोळखी वाक्य पहिल्यांदा मोठ्याने वाचताना अर्थ कळायच्या आत उच्चार तोंडातून निघून जातो. गावांच्या आणि आडनावांच्या बाबतीत तर जाणकारही चुकतात. जळगावचा ज दंत्य आणि त्याच जिल्ह्यातल्या चाळीसगावचा च तालव्य, हे खानदेशाबाहेरच्या अभिवाचकाला कोणी तरी सांगावंच लागतं.

म्हणून मी अभिवाचकाला वेगळी प्रत देते. दंत्य उच्चाराच्या संशयास्पद अक्षराखाली पेन्सिलीने टिंब. श्वास घ्यायच्या जागी तिरपी रेघ, पण फक्त चाळीस शब्दांहून लांब वाक्यांत. सगळीकडे रेघा मारल्या तर वाचन शाळेतल्या धड्यासारखं होतं. सोबत तीन-चार पानांची यादी: सगळी विशेषनामं, बोलीतले शब्द आणि आकडे. आकड्यांचा निर्णय आधीच घ्यावा लागतो. निवेदनात ‘१९७२’ आलं तर ‘एकोणीसशे बहात्तर’, पण गावातला म्हातारा दुष्काळाबद्दल बोलत असेल तर नुसतं ‘बहात्तर साली’. ‘प्रा.’, ‘ता. क.’, ‘रु.’ हेही पूर्ण लिहून द्यायचं.

आणखी एक निर्णय मराठीत टाळता येत नाही: ‘दार उघडले’ की ‘दार उघडलं’? माझं निवेदन एकारान्त आणि संवाद अनुस्वाराचे असतील, तर दोन्ही छापल्याबरहुकूमच वाचावेत असा माझा आग्रह असतो. हे आधी ठरलं नाही तर चाळिसाव्या पानाच्या आसपास अभिवाचक नकळत निवेदनही बोलल्यासारखं वाचू लागतो. श्रोत्याला काय बदललं ते सांगता येत नाही, पण पुस्तकाचा सूर हललाय एवढं जाणवतं.

अभिवाचक प्रकाशक किंवा ऑडिओ कंपनी निवडते. लेखकाचं मत विचारतात, पण करारात तसं लिहिलेलं असेल तरच त्या मताला वजन असतं. चाचणीसाठी पहिलं पान देऊ नये. तिघांचा संवाद, एक लांब वर्णन, एखादं साल आणि बोलीतलं किमान एक वाक्य असलेली मधली दोन पानं द्यावीत. आवाज गोड आहे का, हे मी सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते ती समज: वाक्याचा जोर कुठल्या शब्दावर पडला. जाहिरातीच्या थाटात प्रत्येक विशेषण उचलून धरणारा आवाज दहा मिनिटं छान वाटतो, नऊ तास सोसवत नाही. पात्रांचे आवाजही तीन-चारच ठळक वेगळे असावेत, बाकीच्यांचा फरक लयीतून दाखवावा. बाईने पुरुषाचं बोलणं वाचताना आवाज जाड करायची गरज नसते. गती थोडी कमी केली की पुरतं. प्रत्येक मुख्य पात्राची दहा-पंधरा सेकंदांची फीत बाजूला ठेवलेली असली पाहिजे. नाही तर दोनशे पानांनी परत येणारा मामा वेगळ्याच आवाजात बोलू लागतो.

आता वेळेचा हिशेब. मराठी शब्द प्रत्यय पोटात घेऊन लांब होतात, म्हणून सावकाश, नीट वाचनाचा वेग मी मिनिटाला ११५ शब्द धरते. साठ हजार शब्दांना सुमारे ५२० मिनिटं, म्हणजे पावणेनऊ तास. एका तासाच्या तयार ध्वनीला स्टुडिओत दोन ते तीन तास जातात आणि दिवसाला चार तासांपुढे गळा साथ देत नाही. म्हणजे नुसतं वाचनच पाच ते सात दिवसांचं. त्यानंतर संपादन, मग छापील प्रत हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणं, मग चुकलेली वाक्यं पुन्हा वाचून जोडणं.

जोडकामातच सगळ्यात जास्त बिघडतं. सकाळचा आवाज हलका असतो, संध्याकाळचा जड. म्हणून सकाळी वाचलेल्या प्रकरणातली चूक सकाळीच, माइकपासून तेवढ्याच अंतरावरून दुरुस्त करायची. अंतर दोन बोटांनी बदललं तरी सांधा ऐकू येतो. प्रत्येक दिवशी त्या खोलीची नुसती शांतता अर्धा-एक मिनिट मुद्रित करून ठेवावी लागते, कारण दोन वाक्यांच्या मध्ये ठार कोरी शांतता ठेवली तर कान दचकतो. पंखा बंद, कडक इस्त्रीचे कपडे नकोत, पाणी साध्या तापमानाचं. ऑडिओबुक विकणाऱ्या ऑडिबल कंपनीच्या एसीएक्स या सेवेने जाहीर केलेली मापं घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनाही उपयोगी आहेत: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वोच्च शिखर उणे ३ च्या आत, आणि खोलीचा गोंगाट उणे ६० च्या खाली. यातलं शेवटचं माप पावसाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत जमत नाही, कितीही महाग माइक आणला तरी.

पण महिने जातात ते बहुतेकदा करारात. स्टोरीटेल हे ऑडिओबुक ऐकवणारं अ‍ॅप २०१७ च्या अखेरीस मराठी पुस्तकं घेऊन भारतात आलं. त्याच्या कितीतरी आधीच्या करारांमध्ये ध्वनिपुस्तकाचा उल्लेखच नसतो. कॉपीराइट कायद्यातली २०१२ ची दुरुस्ती सांगते, की करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यावसायिक वापरात नव्हतं, त्याचं नाव करारात स्पष्ट घेतलेलं नसेल तर ते हक्क दिले असं धरता येत नाही. नव्या लेखकांनी एवढं जरूर करावं: ध्वनिहक्कांचं वेगळं कलम, मुदत किती वर्षं, कोणत्या प्रदेशासाठी, हे लिहून घ्यावं. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत.

‘तुमची कादंबरी माझ्या यूट्यूब चॅनेलवर वाचू का, पैसे कमवायचे नाहीत’ असं बरेच जण विचारतात. पैसे कमवा वा न कमवा, पूर्ण पुस्तकासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. ग्रंथालयाच्या कार्यक्रमात वाजवी लांबीचा उतारा वाचायला कायद्यात मुभा आहे, तो खुशाल वाचा. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची, त्यानंतर मजकूर मुक्त होतो. साने गुरुजींचं निधन १९५० सालचं, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून कोणीही वाचून प्रसिद्ध करू शकतं. मात्र दुसऱ्याने केलेलं त्याचं ध्वनिमुद्रण उचलायचं नाही, त्याचा हक्क वेगळा असतो. आणि दृष्टिहीन माणसासाठी वाचून देणार असाल, तर २०१२ पासून कायद्यात त्यासाठी स्वतंत्र सवलत आहे. ते काम कराच. मराठीत सोय कमी आहे आणि गरज फार आहे.

ऐकणं म्हणजे वाचणं का? माझ्या मते हो, एका अटीवर: झोपेच्या टायमरवर निम्मी कादंबरी निसटू देऊ नका. वेग १.२५ पर्यंत वाढवलात तर चालतं. त्यापुढे मघाच्या त्या अडीच सेकंदांच्या शांतता नाहीशा होतात आणि प्रसंग एकमेकांत मिसळतात. तीन पिढ्यांची वंशावळ असलेली किंवा पत्रांतून उलगडणारी कादंबरी असेल, तर छापील प्रत शेजारी ठेवा, निदान पहिल्या तीन प्रकरणांपुरती.

ऐकताना चुकीचा उच्चार किंवा गळलेलं वाक्य सापडलं तर प्रकाशकाला कळवा. प्रकरण, मिनिट-सेकंद, आणि छापील प्रतीतला पान क्रमांक, एवढं पुरे. पुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीची वाट बघते. ध्वनीतलं एक वाक्य पुन्हा वाचून फाइल बदलता येते.