वीस पावलांवरची पट्टी

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी १०० मीटरची वेळ १३.२ आहे, तीही मातीच्या मैदानावर आणि हातातल्या घड्याळावर. हातघड्याळाची वेळ विद्युत घड्याळापेक्षा साधारण पाव सेकंदानं कमी भरते, म्हणून ती १३.४ किंवा १३.५ धर. बेंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर पळशील तेव्हा आकडा वाढलेला दिसेल, पण त्याचा अर्थ तू मागं पडलीस असा होत नाही.

एकटीच्या शर्यतीत राज्यापर्यंत जाशील का, असं तू विचारलंस. आज नाही. पण तुम्ही चौघी एकत्र जाऊ शकता. अॅलिसन फेलिक्सची कारकीर्द बघ. पाच ऑलिंपिक, ११ पदकं, त्यांत ७ सुवर्ण. त्यांतलं एकटीनं जिंकलेलं एकच, २०१२ ला लंडनमधलं २०० मीटरचं. बाकी सहाही रिलेची, म्हणजे चौघींनी एकीमागून एक पळायच्या शर्यतीची. उलट बाजूही बघ. १९८५ ला जकार्तातल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पी. टी. उषानं १००, २००, ४०० आणि ४०० मीटर अडथळे अशी चार सुवर्णं एकटीनं घेतली, पाचवं ४×४०० चं, म्हणजे चौघींनी प्रत्येकी ४०० मीटर पळायच्या रिलेचं. ४×१०० मध्ये मात्र संघाला कांस्यच मिळालं. आशियातली सर्वांत वेगवान मुलगी संघात होती, तरी!

तुमच्या चौघींच्या वेळांची बेरीज ५४ सेकंद येते. बॅटन, म्हणजे एकीनं दुसरीच्या हातात द्यायची नळी, नीट फिरली तर हीच शर्यत ५२ च्या आत संपायला हवी, कारण पहिली सोडून बाकी तिघी बॅटन घेतात तेव्हा आधीच वेगात असतात. हे दोन सेकंद पाय वेगवान करून मिळवायचे तर दोन-तीन वर्षं जातात. बॅटनच्या अदलाबदलीतून ते दोन-तीन महिन्यांत मिळतात. आपल्याकडं बहुतेक शाळा रिलेचा सराव स्पर्धेच्या आदल्या दिवशी करतात. तुम्ही आठवड्यातून दोनदा करा.

आता पट्टीचं सांगतो. ४×१०० मध्ये अदलाबदलीचा पट्टा ३० मीटरचा असतो, एकीचे १०० मीटर जिथं संपतात त्या रेषेच्या २० मीटर अलीकडं आणि १० पलीकडं. घेणारी पट्ट्याच्या सुरुवातीला उभी राहते. तिथून मागं, देणारी ज्या दिशेनं येणार त्या बाजूला, टाचेला चवडा लावत २० पावलं मोजायची आणि तिथं खूण करायची. सिंथेटिक ट्रॅकवर चिकटपट्टी लावायची, जास्तीत जास्त ५ सेंटीमीटर रुंद आणि ४० लांब, आणि एकच. मातीवर रेघ ओढली तरी चालते, फक्कीची गरज नाही. देणारीचा पाय त्या खुणेवर आला की घेणारीनं जीव तोडून सुटायचं आणि मागं वळून बघायचं नाही. सगळं काम या एका गोष्टीवर आहे आणि इथंच मुली कच खातात. बॅटन मिळेल की नाही या भीतीनं त्या अर्ध्या वेगानं निघतात, मग मागची येऊन अंगावर आदळते.

मागची पट्ट्याच्या सुरुवातीलाच गाठायला लागली, तर खूण आणखी मागं न्या म्हणजे घेणारी लवकर सुटेल. गाठता येत नसेल तर खूण जवळ आणा. एका वेळी एकच पाऊल बदला. दोघींच्या पायांत त्या दिवशी किती ताकद आहे यावर आकडा हलतो. तुमच्या वेगाला तो १८ ते २५ च्या दरम्यान स्थिरावेल. बॅटन पट्ट्याच्या २० ते २५ मीटरांत हातात पडायला हवी. नियम बॅटनचा बघतात, पायांचा नाही. बॅटन पट्ट्याच्या आत असेल आणि तुझा पाय बाहेर गेला असेल, तरी चालतं. पट्ट्याच्या बाहेर बॅटन दिली-घेतली की संघ बाद.

हात कसा द्यायचा तेही लक्षात ठेव. तुम्ही नव्या आहात, तेव्हा खालून वर देण्याची पद्धत घ्या. घेणारीनं हात कंबरेच्या किंचित मागं न्यायचा, तळवा मागं-खाली, अंगठा एकीकडं आणि चार बोटं दुसरीकडं, मध्ये उलट्या 'व्ही'सारखी जागा. देणारीनं बॅटन त्या जागेत खालून वर घालायची. हात एकदा मागं गेला की तो स्थिर हवा. घेणारी हात हलवून बॅटन शोधायला लागली की हमखास ती पडते. बॅटन २८ ते ३० सेंटीमीटर लांब असते. तिच्या टोकाला पकडलं तर पुढचीला द्यायला जागाच उरत नाही. म्हणून देणारीचा हात जवळजवळ घेणारीच्या हाताला लागेपर्यंत बॅटन आत घालायची सवय ठेवा.

पहिली उजव्या हातात, दुसरी डाव्या, तिसरी उजव्या, चौथी डाव्या. मध्ये हात बदलायचा नाही. वळणावर पळणाऱ्या पहिली आणि तिसरी आतल्या रेषेला धरून पळतात, बॅटन उजवीकडं असल्यानं पुढची बाहेरच्या बाजूला डावा हात देते. सुटायला चपळ आणि वळणावर सावरणारी मुलगी पहिली लावा. दुसरीला घेणंही आहे आणि देणंही, शिवाय तिला सुटण्यापासून देण्यापर्यंत १२५ मीटरांच्या आसपास पळावं लागतं, म्हणून दमाची मुलगी तिथं. सर्वांत वेगवान मुलगी शेवटी ठेवायचा हट्ट नको. बाजूला कोण पळतंय ते न बघता पळू शकेल, अशी मुलगी शेवटी ठेवा.

हाकेचं आधी ठरवून घ्या. तुम्ही चौघी मराठी, "हात" म्हणालात की भागेल. पण उद्या जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या संघात दोघी कन्नड मुली आल्या, तर त्या ऐन वेळी "कै" म्हणतील. एकच हाक पाठ करा, दोन्ही भाषांत नको. आणि ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु अशी कन्नड आकड्यांची उजळणी आठपर्यंत कर. लेनची घोषणा कन्नडमध्ये होते, आणि तिथं गोंधळून उशीर झाला तर पळण्याआधीच नाव कटतं.

सरावाचं बेताचं ठेवा. आधी चालत, मग सावकाश पळत, चौघी एका ओळीत दीड-दोन मीटर अंतरानं उभ्या राहून २० ते ३० वेळा. पूर्ण वेगानं मात्र एका दिवशी ४ ते ६ च अदलाबदली, मध्ये ५ मिनिटं विश्रांती. दमलेल्या मुलीवर बसवलेली पट्टी स्पर्धेत चुकतेच. कोणाला तरी घड्याळ देऊन बॅटनला ३० मीटरचा पट्टा पार करायला किती वेळ लागतो ते मोजा. पळणारीला मोजायचं नाही, बॅटनला मोजायचं. ४ सेकंदांच्या आसपास आला तर तुमचं काम जमलं.

वेगाच्या सरावात ३० मीटरच्या ४ ते ६ धावा, प्रत्येकीनंतर ३ मिनिटं थांब. कमी थांबलीस तर तो दमाचा सराव होतो, वेगाचा नव्हे. डांबरी रस्त्यावर स्पाइक (खिळ्यांचे बूट) घालून किंवा पातळ तळव्याचे बूट घालून पळू नकोस, नडगीची पुढची बाजू दुखायला लागली की महिना हातचा जातो. खानापूरकडच्या पावसात मैदान चिखलानं भरलं की शेताच्या बांधावर कसरत नको. शाळेच्या व्हरांड्यात जागच्या जागी गुडघे वर घेण्याचा सराव आणि बॅटनची देवाणघेवाण कर. ओल्या बॅटनसाठी कोरडं फडकं जवळ ठेव. हातमोजे किंवा चिकट पदार्थ लावायला परवानगी नाही.

नाचणीची भाकरी, चवळी, शेंगदाणा-गूळ, अंडी खात जा. आपल्याकडची रताळी धावपटूला फार चांगली, सरावाच्या दोन तास आधी, उकडून. जेवणाबरोबर चहा नको, त्यानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन तपासून घे, १२ च्या खाली असेल तर सराव वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखव. पाळी तीन महिने आली नाही तरीही दाखव, लाजून गप्प बसू नकोस. आणि कोणी ताकदीची पावडर, गोळी, काढा दिला तर घेऊ नकोस, देणारा कितीही जवळचा असो. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ४×४०० चं सुवर्ण जिंकणाऱ्या आपल्या चौघींपैकी तिघी पुढच्याच वर्षी उत्तेजक चाचणीत सापडल्या. शक्तिवर्धकातून ते आलं असं त्यांचं म्हणणं होतं, तरी बंदी टळली नाही.

बॅटन पडली तर ज्या मुलीच्या हातून पडली तिनंच उचलायची आणि शर्यत पूर्ण करायची. २०१६ ला रिओत प्राथमिक फेरीत फेलिक्सला दुसऱ्या संघाच्या मुलीचा धक्का लागला आणि बॅटन हातातून गेली. तिनं ती उचलून पुढच्या मुलीला दिली, संघानं शर्यत संपवली, मग दाद मागितली. त्यांना मैदानावर एकट्यानं पुन्हा पळायची संधी मिळाली, वेळ ४१.७७. अंतिम फेरीत लेन १ मधून पळून त्यांनी सुवर्ण घेतलं. त्यामुळं मैदान सोडून बाहेर येऊन रडायचं नाही.

येत्या रविवारी २० पावलांनी सुरुवात करा. तिन्ही जोड्यांची पावलं, त्या दिवशीचं मैदान कोरडं की ओलं आणि बॅटनचा वेळ, वहीत लिहून ठेवा. चार रविवार झाले की ती पानं मला पाठव.